मेघावरचे बिऱ्हाड



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही दिली. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, राज्यघटनेवर, शेतीच्या प्रश्नावर विद्वानांची व्याख्याने होतात, त्याच व्यासपीठावर उभे राहून संगणकाचा एक प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर कसा न्यावा हे सांगणे म्हणजे वास्तुशांतीच्या पंगतीत गवंड्याने उठून चुन्यात वाळू किती घातली याचा हिशेब देण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही हाच विषय घेतला, त्याला कारण आहे. आज आपले बँकेचे पुस्तक, मुलांचे गुणपत्रक, सातबारा, औषधोपचाराचे कागद आणि वाचनालयाची नोंदवही ही सारी अशा प्रोग्रामांच्या हवाली झाली आहेत. घर ज्याने बांधले त्याला चुन्याचे प्रमाण विचारण्याचा अधिकार त्यात राहणाऱ्याला असतोच. आणि प्रमाण चुकले तर भिंत त्याच्याच अंगावर पडते.

आमचा व्यवसाय प्रोग्राम लिहिण्याचा. चार मित्र मिळून आम्ही आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी एक प्रोग्राम लिहिला, तो मेघावर म्हणजे क्लाऊडवर चढविला, आणि त्यात एकदा सणसणीत आपटलो. ती हकीकत आज सांगावयाची आहे. पण हकीकत कळण्यासाठी आधी थोडी प्रस्तावना हवी.

प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला ती पायथन. ॲमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्राच्या एका संशोधनसंस्थेत काम करणारे डच गृहस्थ गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ती लिहावयास घेतली आणि १९९१ च्या फेब्रुवारीत जगापुढे ठेवली. नाव ऐकून अजगर डोळ्यांपुढे येतो. परंतु ते आले आहे एका इंग्रजी विनोदी मंडळीच्या नावावरून. या भाषेत संकेतस्थळे बांधण्यासाठी जी तयार चौकट आम्ही वापरली तिचे नाव जँगो. तिचा जन्म एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील दैनिकाच्या कचेरीत २००३ साली एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन या दोघांनी रोजच्या धावपळीच्या कामासाठी ती रचली, आणि २००५ च्या जुलैत ती सर्वांस विनामूल्य खुली झाली. गावच्या बातमीपत्रासाठी केलेली वस्तू आमच्या गावच्या वाचनालयाला उपयोगी पडावी, यात आम्हांस एक प्रकारचे औचित्य वाटते.

आता मेघ म्हणजे काय? हा शब्द फसवा आहे. ऐकणाऱ्यास वाटते की आपली माहिती कुठे तरी अंतराळात तरंगते आहे. वस्तुतः मेघ म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची, दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलेली, दुसऱ्याच्या विजेवर चालणारी यंत्रे. पूर्वी संस्थेला संकेतस्थळ काढावयाचे तर यंत्र विकत घ्यावे लागे, ते थंड खोलीत ठेवावे लागे आणि रात्री-अपरात्री बंद पडले तर माणूस धाडावा लागे. २००६ साली ॲमेझॉनने आपली यंत्रे तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला आणि हा व्यवहार पालटला. परंतु भाड्याचे यंत्र झाले तरी त्याची झाडलोट भाडेकरूलाच करावी लागे. म्हणून पुढे आणखी एक सोय निघाली. २००७ मध्ये निघालेली हेरोकू आणि २००८ मध्ये गूगलने काढलेले ॲप इंजिन ही तिची प्रसिद्ध उदाहरणे. ॲप इंजिन तर सुरुवातीस फक्त पायथनच जाणत असे. या सोयीत आपण केवळ आपला प्रोग्राम द्यावयाचा; यंत्र कोणते, त्यावर काय बसवावयाचे, बंद पडले तर पुन्हा कसे उठवावयाचे, हे सारे मंचाचे मालक पाहतात. पहिला प्रकार रिकामी खोली भाड्याने घेऊन चूल मांडण्याचा, तर हा दुसरा खाणावळीसह राहण्याचा. खाणावळीत सुख आहे, पण तेथे जेवणाच्या वेळा आणि घरचे नियम मालकाचे असतात. हे नियम न वाचता आम्ही राहावयास गेलो, हेच आमच्या हकीकतीचे सार.

आमच्या प्रोग्रामात विशेष काही नव्हते. सभासदांची यादी, पुस्तकांची यादी, कोणते पुस्तक कोणाकडे आहे, परत करण्याची तारीख कोणती, उशीर झाल्यास दंड किती, एवढेच. आमच्या घरच्या यंत्रावर तो उत्तम चाले. आमच्या धंद्यात एक वाक्य फार प्रसिद्ध आहे: "माझ्या यंत्रावर तर चालते!" नवशिका ते अभिमानाने म्हणतो आणि मुरलेला ते ऐकून हसतो. कारण घरी जी वस्तू चालते ती घरातल्या किती न दिसणाऱ्या गोष्टींच्या आधारावर चालते, हे घर सोडल्याखेरीज कळत नाही. माहेरी सहज स्वयंपाक करणारी मुलगी सासरी गेल्यावर पहिल्या दिवशी मिठाचा डबा शोधत राहते, तशातला प्रकार.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो. मेघावर जाणारा प्रोग्राम असाच असावा लागतो. जे लागते ते सारे त्याने बरोबर न्यावे, निदान त्याची यादी तरी न्यावी. पायथनमध्ये ही यादी एका साध्या मजकुराच्या फाईलीत लिहितात. कोणकोणते तयार ग्रंथालय-संच हवेत, आणि प्रत्येकाची कोणती आवृत्ती हवी, हे तीत ओळीने मांडलेले असते. आवृत्ती न लिहिल्यास मंच त्या दिवशीची सर्वांत नवी आवृत्ती आणतो, आणि काल जुळणारे आज जुळेनासे होते. आमच्या यादीत दोन नावे राहिली. एक होते पोस्टग्रेस या कोठाराशी बोलणाऱ्या दुभाष्याचे; घरी ते कोठारच नव्हते, म्हणून दुभाष्याची आठवणही झाली नाही. दुसरे होते चित्रे हाताळणाऱ्या संचाचे. तो आमच्या यंत्रावर पूर्वीच्या कुठल्याशा कामासाठी कधीच बसविलेला होता, त्यामुळे तो आपण वापरतो आहोत याचाच आम्हांस विसर पडला होता. या संचाचे नाव पिलो, म्हणजे उशी. तेव्हा बिऱ्हाड हलविले आणि उशी घरी राहिली, असे आमच्यातील एक जण म्हणाला ते शब्दशः खरे होते.

यादीनंतर दारावरच्या माणसाचा प्रश्न. जँगोबरोबर एक लहानसा सर्व्हर मिळतो. घरी लिहिता लिहिता पाहण्यासाठी तो पुरतो. परंतु सार्वजनिक वापरासाठी तो घेऊ नये, असे जँगोच्या कर्त्यांनी स्वतःच बजावून ठेवले आहे. घरच्या दारावर आजोबा बसले तर चालतात. नाट्यगृहाच्या दारावर तिकिटे तपासावयास चार माणसे लागतात. हे काम करणारा गनिकॉर्न नावाचा सर्व्हर आहे. तो एकाच प्रोग्रामच्या अनेक प्रती एकाच वेळी उभ्या करतो आणि येणारी मागणी मोकळ्या प्रतीकडे धाडतो. हा सर्व्हर आणि आपला प्रोग्राम यांनी एकमेकांशी कोणत्या रीतीने बोलावे, याचा करार पायथनच्या मंडळींनी २००३ साली लिहून काढला. त्या करारामुळेच कोणताही सर्व्हर आणि कोणतीही चौकट यांची जोडी जमू शकते. हा सर्व्हर कोणत्या आज्ञेने सुरू करावयाचा, ती एक ओळ आणखी एका फाईलीत लिहून ठेवावी लागते. आणि एक लक्षात ठेवावे लागते: घरी दाराचा क्रमांक आपण ठरवितो, तेथे तो मंच देतो. आम्ही आमचा घरचा ८००० हा क्रमांक प्रोग्रामात पक्का लिहून ठेवला होता. परिणाम असा की प्रोग्राम एका दाराशी वाट पाहत बसला आणि मंच दुसरे दार ठोठावीत राहिला. काही क्षण वाट पाहून मंचाने "बिऱ्हाडकरू मृत" असा शेरा मारून दिवा मालवला.

तिसरी गोष्ट किल्ल्यांची. कोठाराचा परवलीचा शब्द आणि सह्या पडताळण्याची गुप्त किल्ली आम्ही प्रोग्रामाच्या मजकुरातच लिहिली होती. चार मित्र एकाच वाड्यात बसून काम करीत होते तोवर त्यात काही वावगे वाटले नाही. परंतु मजकूर मंचावर जातो गिट या साधनामार्फत, आणि गिटचा स्वभाव असा की ते एकदा पाहिलेली ओळ विसरत नाही. आज खोडली तरी कालच्या पानावर ती असतेच. म्हणून किल्ली मजकुरात लिहावयाचीच नाही. ती मंचाच्या सांगण्यावरून, बाहेरच्या परिस्थितीतून प्रोग्रामाने वाचावयाची. ज्याच्या हाती वाड्याचा नकाशा आहे त्याच्या हाती वाड्याची किल्ली असलीच पाहिजे असे नाही, हा तो न्याय. एकदा किल्ली मजकुरात गेलीच, तर ती खोडत बसू नये, कुलूपच बदलावे. आम्ही बदलले.

याच्याच जोडीला चुका दाखविण्याचा खटका आहे. घरी काम करताना काही बिघडले की जँगो सविस्तर पान दाखवितो: कोणत्या ओळीत, कोणत्या किमतीवर, कोणत्या मांडणीत बिघाड झाला. लिहिणाऱ्यास हे वरदान आहे. परंतु सार्वजनिक ठिकाणी तेच पान म्हणजे चोराला घरभर फिरवून तिजोरी कुठे आहे ते दाखविणे. म्हणून तो खटका बंद करावा लागतो. आम्ही बंद केला आणि संकेतस्थळ उघडले, तो सर्वत्र नकारघंटा! कारण खटका बंद होताच जँगो कडक होतो आणि कोणत्या नावाने हाक मारली तर ओ द्यावयाची, ती नावे आधी लिहून मागतो. ती लिहिली. मग पान उघडले, पण त्यावर रंग नाही, रेषा नाही, अक्षरे उघडीबोडकी! कारण रंगरंगोटीच्या फाईली घरी जँगो स्वतः वाढीत असे. खटका बंद झाल्यावर ते काम तो करीत नाही. त्या फाईली एका जागी गोळा करून, वाढण्यासाठी निराळा वाढपी नेमावा लागतो. तोही नेमला. यांतले काही मुद्दे आधीच तपासून पाहण्याची एक आज्ञा जँगोत आहे. ती आम्हांस नंतर कळली, हे प्रांजळपणे सांगतो.

चौथी गोष्ट स्थानिक सवयींची. मेघावरची यंत्रे सामान्यतः जागतिक प्रमाणवेळ पाळतात आणि आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्या यंत्रांच्या लेखी कालचीच तारीख चालू असते. आमच्या प्रोग्रामात काळाचा प्रदेश नीट लिहिलेला नव्हता, आणि मुदत संपलेल्या पुस्तकांची यादी पहाटे पाचला निघत असे. त्यामुळे ती नेहमी एक दिवस शिळी निघे, आणि एका दिवसाच्या दंडावरून दोन सभासदांचा बाईंशी वाद झाला. जँगोला काहीच सांगितले नाही, तर ते आजही शिकागोचे घड्याळ धरून बसते. जन्मगावची सवय ती! आपण स्पष्ट "एशिया, कोलकाता" असे लिहिले की मग ते आपल्या पंचांगाप्रमाणे चालते.

येथपर्यंतच्या चुका हसण्यावारी नेण्याजोग्या होत्या. आता पुढची.

आमच्या वाचनालयात एक जुनी देणगी-वही आहे. संस्था स्थापन झाल्यापासून कोणी किती रुपये दिले, कोणी लाकडी कपाट दिले, कोणी आपल्या वडिलांच्या संग्रहातली पुस्तके दिली, याची ती नोंद. आरंभीची पाने मोडीत आहेत, नंतरची बाळबोध. कागद इतका तडकला आहे की पान उलटताना कडेचा भुगा बोटाला लागतो. वाचनालयाच्या बाईंनी, म्हणजे ग्रंथपालबाईंनी, सुचविले की या वहीची छायाचित्रे काढून संकेतस्थळावर ठेवावीत, म्हणजे लोकांना आपल्या आजोबा-पणजोबांची नावे घरबसल्या पाहता येतील आणि वही हाताळावी लागणार नाही. सूचना सर्वांना पसंत पडली. शाळेतली काही मुले एका रविवारी आली. त्यांनी दिवसभर बसून आपल्या फोनवर एकेक पान टिपले, ते संकेतस्थळावर चढविले आणि प्रत्येक पानाखाली त्यातली नावे टंकित केली. संध्याकाळी सर्वांनी मिळून पाने पाहिली. एका मुलाला आपल्या पणजीचे नाव सापडले. तिने दोन रुपये आणि एक समई दिली होती. त्याचा आनंद पाहून आम्हांसही धन्य वाटले.

रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या लक्षात आले की मथळ्यातील "देणगी" या शब्दाची गी ऱ्हस्व पडली आहे. अशी चूक वाचनालयाच्या दारावर लटकत राहणे बरे नव्हे, म्हणून आम्ही ती दुरुस्त केली, प्रोग्राम पुन्हा मंचावर चढविला आणि समाधानाने झोपलो.

सकाळी बाईंचा फोन आला. "अहो, पानं दिसत नाहीत. खाली नावं आहेत, पण वर नुसती रिकामी चौकट."

आम्ही पाहिले. खरेच होते. नावे शाबूत, पाने एकही नाही.

कारण कळावयास फार वेळ लागला नाही, आणि ते कळल्यावर दोष देण्यास आमच्यावाचून दुसरे कोणी उरले नाही. अशा मंचांवर आपला प्रोग्राम एका तात्पुरत्या खोक्यात राहतो. नवा मजकूर चढविला की मंच जुने खोके टाकून देतो आणि मूळ मजकुरावरून नवे कोरे खोके बांधतो. मजकूर बदलला नाही तरी अनेक मंच ठरावीक काळाने खोके बदलतातच. हा दोष नव्हे. हीच त्या व्यवस्थेची शक्ती. एक खोके बिघडले तर क्षणात दुसरे, गर्दी झाली तर एकाची दहा, हे त्यामुळेच शक्य होते. परंतु त्याचा सरळ अर्थ असा की खोक्यात असताना आपण जे काही त्याच्या भिंतीवर लिहाल, ते खोक्याबरोबर जाणार. नावे गेली होती पोस्टग्रेसच्या कोठारात, ते निराळ्या ठिकाणी आणि टिकाऊ. म्हणून ती राहिली. छायाचित्रे मात्र आम्ही खोक्यातल्याच एका कप्प्यात ठेवीत होतो, कारण घरी तशीच ठेवीत असू. एका वेलांटीच्या दुरुस्तीने सबंध रविवार पुसला गेला. मंचाच्या माहितीपुस्तकात हा नियम स्वच्छ लिहिलेला होता.

मुलांना विचारले. काहींच्या फोनवर थोडी पाने होती. समईवाल्या पणजीचा पणतू म्हणाला, "दादा, तुम्हीच म्हणालात ना, आता सगळं वर सुरक्षित आहे. मी फोन रिकामा केला." या वाक्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे दोन रविवार मुले पुन्हा आली आणि पाने पुन्हा टिपली. ती टिपता आली, कारण वही होती. आणि वही का होती, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. पहिल्या रविवारी सायंकाळी, सर्व पाने पडद्यावर पाहून झाल्यावर, कार्यकारी मंडळातील एका सद्‌गृहस्थाने सहज म्हटले होते, "आता ही वही ठेवून काय करायची? वाळवी धरते आहे, कपाट अडते आहे. सगळे संगणकावर आलेच आहे." आणि श्रोतेहो, आम्ही त्यांना नाही म्हटले नाही. आम्ही त्या वेळी यशाच्या धुंदीत होतो. आम्हांसही ते म्हणणे रास्तच वाटले. बाई तेवढ्या म्हणाल्या, "असू द्या हो, माझ्या टेबलाच्या खणात राहील." वही त्या खणात गेली. ती रद्दीत गेली असती, तर ही चूक दुरुस्त करण्याजोगी राहिली नसती. आम्ही चौघे शिकलेले प्रोग्रामकार आणि संगणकाची भाषा न जाणणाऱ्या बाई, यांत त्या दिवशी जतन या शब्दाचा अर्थ कोणाला ठाऊक होता, हे आपणच ठरवावे.

त्यानंतर आम्ही घडी बदलली. छायाचित्रे आता खोक्यात राहत नाहीत. ती निराळ्या वस्तु-भांडारात जातात. अशी भांडारे २००६ पासून भाड्याने मिळतात, आणि प्रोग्राम किती वेळा मोडला-बांधला तरी त्यांस धक्का लागत नाही. कोठाराची प्रत रोज रात्री निघते. महिन्यातून एकदा कोठार व चित्रे या दोहोंची प्रत एका तबकडीवर घेऊन ती वाचनालयाच्याच कपाटात ठेवली जाते. आणि वर्षातून दोनदा आम्ही तालीम करतो: सर्व काही गेले असे समजून, त्या प्रतीवरून कोऱ्या यंत्रावर सारे पुन्हा उभे करून पाहावयाचे. ज्या प्रतीवरून कधी काही उभे केलेले नाही ती प्रत आहे की प्रतीचा भास आहे, हे सांगता येत नाही. पहिल्या तालमीत आमचा भास उघडा पडला. प्रतीत कोठार होते, चित्रे नव्हतीच.

कोणी म्हणेल, हे सारे लहान वाचनालयाचे झाले. मोठ्यांच्या इमारती भक्कम असतात. तसे नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या यंत्रगृहास आग लागली आणि एक सबंध इमारत जळाली. ज्यांनी आपली प्रत दुसऱ्या गावी ठेवली होती ते पुन्हा उभे राहिले. ज्यांची प्रतही त्याच आवारात होती त्यांपैकी कित्येकांचे कायमचे गेले. १९६१ च्या जुलैत पानशेतच्या पुराने पुण्यातील किती घरांचे कागद नदीत नेले, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांनी ऐकले-पाहिले आहे. मेघ झाला तरी तो कुठल्या तरी गावच्या जमिनीवर उभा असतो, आणि त्या जमिनीला आग आणि पाणी चुकत नाही.

दुसरा धोका आगीपेक्षा सौम्य, पण अधिक वेळा येणारा आहे: मालकाचे मन बदलणे. हेरोकूने कित्येक वर्षे लहान प्रोग्रामांना विनामूल्य जागा दिली. जगभरच्या विद्यार्थ्यांनी आपले पहिले बिऱ्हाड तेथे थाटले. २०१० मध्ये ती कंपनी सेल्सफोर्सने घेण्याचे जाहीर केले आणि २८ नोव्हेंबर २०२२ पासून फुकटची जागा देणे बंद झाले. यात अन्याय काही नाही. धर्मशाळा चालविणाऱ्याने ती कायम चालविलीच पाहिजे असा करार नव्हता. परंतु ज्यांनी धर्मशाळेलाच घर मानले त्यांची त्या दिवशी धावपळ झाली, आणि ज्यांचे बिऱ्हाड पाठीवर बांधलेले होते ते एका दुपारी दुसरीकडे गेले. याच हेरोकूतील ॲडम विगिन्स यांनी २०११ साली चांगल्या प्रोग्रामाची बारा लक्षणे लिहून काढली. साधनांची यादी स्पष्ट असावी, किल्ल्या मजकुराबाहेर असाव्यात, खोके केव्हाही टाकून देता यावे, ही त्यांतलीच. एका घरमालकाने भाडेकरूस घर सोडण्याची तयारी कशी ठेवावी हे शिकवावे, ही गोष्ट कौतुकाची आहे.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांना प्रोग्राम लिहावयाचा नाही. परंतु आपण सोसायटीचे, शाळेचे, देवस्थानाचे, सहकारी पतपेढीचे सभासद आहात, कोणी पदाधिकारीही आहात. उद्या एखादा आमच्यासारखा तरुण येईल आणि म्हणेल की तुमच्या वह्या आम्ही मेघावर नेतो. त्याला नाही म्हणू नका. सोय खरी आहे. आमच्या वाचनालयात पूर्वी पुस्तक आहे की नाही हे पाहावयास म्हातारी माणसे दुपारच्या उन्हात येत, ती आता घरून पाहून येतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. पण त्याला काही प्रश्न जरूर विचारा. आमच्या नोंदींची प्रत कुठल्या दुसऱ्या गावी आहे? त्या प्रतीवरून सारे पुन्हा उभे करून तुम्ही शेवटचे केव्हा पाहिले? सभासदांची नावे, फोन आणि पत्ते कोणाकोणास दिसतात, आणि किल्ल्या कोणापाशी आहेत? माणसांच्या खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये संमत केला आहे, तेव्हा हा शेवटचा प्रश्न केवळ सौजन्याचा नव्हे. आणि उद्या तुम्ही हे काम सोडले, किंवा मंचाने दार बंद केले, तर आमचे बिऱ्हाड आम्हांस उचलता येईल का? उत्तर देताना तो अडखळला तर रागावू नका. आम्हीही अडखळलो होतो. त्याला पुढच्या रविवारी पुन्हा बोलवा.

आणि तोवर आपली वही रद्दीवाल्याला देऊ नका. आमची देणगी-वही अजून बाईंच्या टेबलाच्या खणात आहे. आता तिला कापडी वेष्टन आहे आणि आत कडुलिंबाचा पाला आहे. समईची नोंद तिच्या चाळिसाव्या पानावर आहे. ती संकेतस्थळावरही दिसते. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी घरून पाहावी, आणि ज्यांना पडद्यावर विश्वास नसेल त्यांनी बाईंना विचारावे.